‘हाली’ म्हणजे ‘हलका’ नव्हे

विचारणा अशी: परभणीकडच्या एका जुन्या खरेदीखतात ‘रुपये ३५० हाली’ असं लिहिलंय, हाली म्हणजे हलका का?

नाही. हे ‘हलका’ इतक्यांदा कानावर येतं की संताप होतो. हाली म्हणजे हैदराबादच्या निजामाचा रुपया, आणि त्यात चांदी कमी होती हे खरं. वजन ११.१८ ग्रॅम, त्यात चांदी शेकडा ८२ च्या आसपास. इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा, चांदी जवळजवळ ९२ टक्के. म्हणूनच सात हालींना सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, हा भाव. पण कोणतं सरकार दरबारी कागदांत स्वतःच्याच नाण्याला हलकं म्हणेल?

१८५७ नंतर हैदराबादच्या नाण्यांवरून दिल्लीच्या बादशहाचं नाव गेलं, निजाम घराण्याचा मूळ पुरुष आसफजाह याचं आलं. गोविंदबक्षी वगैरे आधीच्या रुपयांहून वेगळा, सध्या चालू असलेला, तो ‘हाली सिक्का’. अरबी ‘हाल’ म्हणजे स्थिती, आणि चालू वेळही.

आणि हाच शब्द आपण रोज बोलतो: हल्ली! पत्त्यातल्या ‘ह. मु.’मधलं, म्हणजे ‘हल्ली मुक्काम’मधलं, हल्ली ते हेच. त्याचा संबंध कानडी ‘हळ्ळी’शी, म्हणजे खेड्याशी, जोडणारे विद्वानही भेटतात. ‘हल्ली पाऊस कमी झालाय’ यात खेडं कुठून आलं, ते त्यांनी सांगावं. ‘ल’ दुप्पट का झाला? माझं मत असं की मराठीने दीर्घ स्वराचं वजन पुढच्या व्यंजनावर टाकलं. प्राकृतातल्या ‘हत्थ’चा ‘हात’, ‘सत्त’चा ‘सात’ झाला, तिथे हीच अदलाबदल उलट्या दिशेने झालेली आहे. ‘हाली’ आणि ‘हल्ली’ म्हणून पाहा, उच्चाराला वेळ सारखाच लागतो. ‘खाली’चं ‘खल्ली’ का झालं नाही, असं कुणी विचारतं. पण ‘रिकामा’ या अर्थाच्या अरबी ‘खाली’ला मराठीत आधीच ‘वर-खाली’तला दुसरा ‘खाली’ शेजारी होता, तो जाऊ देईना.

‘कलदार’मधली कल म्हणजे यंत्र, आपण दाबतो ती कळ. हैदराबादचा रुपया तेव्हा हातोड्याने पाडलेला. ठसा चकतीहून मोठा, त्यामुळे काठाची अक्षरं तुटलेली. १९०३-०४ च्या सुमारास चारमिनारचं चित्र असलेला यंत्रावरचा सुबक रुपया आला. शेवटचे निजाम उस्मान अली यांच्या रुपयावर मधल्या कमानीत त्यांच्या नावाचं अरबी लिपीतलं आद्याक्षर ‘ऐन’ स्वच्छ दिसतं. म्हणजे अर्थाने तोही कलदारच! तरी मराठवाड्यात कलदार म्हणजे इंग्रजांचाच राहिला.

खरेदीखतातले ३५० हाली म्हणजे ३०० कलदार.