मांजर धीट असली तरी

तुमची मनी कुत्र्याच्या नाकावर फटका मारून ऐटीत निघून जाते, हे ऐकून हसू आलं, पण काळजीही वाटली. धीट मांजरीच्या घरात जपावे लागतात ते कुत्र्यांचे डोळे. आमच्या बोक्याने खेळता खेळता पंजा मारला आणि कुत्र्याच्या बुबुळावर ओरखडा उठला. एक डोळा मिटून, पाणी गाळत बसला होता बिचारा. तेव्हापासून दर 15 दिवसांनी मी बोक्याच्या नखांची टोकं कापते.

शेपटीकडे लक्ष ठेवा. कुत्रा शेपूट हलवतो ती बहुधा खुशीत, मांजर सपासप आपटते ती वैतागून. कुत्र्याला वाटतं, चला, खेळायला बोलावतेय, आणि तिथेच बिनसतं. अशा वेळी कुत्र्याला हाक मारून बाजूला घ्या. मांजरीला उचलायला जाऊ नका, तुम्हालाच ओरबाडेल.

उंचावर एक फळी हवीच, कुत्रे पोचणार नाहीत अशी. कुत्र्यांचं खाणं चोरते? एखादा घास ठीक, पण त्यावर पोसू नका. मांजरीला लागणारं टॉरिन नावाचं पोषक द्रव्य त्यात पुरेसं असेलच असं नाही, आणि ते कमी पडलं की हृदय आणि दृष्टी दोन्ही बिघडतात.

आणि तुम्ही घरी नसाल तेव्हा, सुरुवातीचे काही महिने तरी, त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा.