लाइट गेली की राउट गायब? ती ओळ आरसी.लोकलमधून काढा

देवगडच्या आंबा गोदामातून तुम्ही लिहिलंय की लाइट जाऊन आली की ऑफिसच्या डेबियन (लिनक्स) मशीनवरून कोल्ड स्टोरेजचे कॅमेरे दिसेनासे होतात, मशीन रीस्टार्ट केलं की परत दिसतात. राउटची ओळ, म्हणजे कॅमेऱ्यांच्या नेटवर्ककडे कोणत्या राउटरमधून जायचं ते सांगणारी, आरसी.लोकलमध्ये आहे म्हणता. मग दुखणं तिथेच आहे.

आरसी.लोकल ही स्क्रिप्ट मशीन सुरू होताना एकदाच चालते. तुमचं मशीन यूपीएसवर, स्विच मात्र भिंतीतल्या प्लगवर. लाइट गेली की स्विच बंद, लिंक तुटते, नेटवर्कमॅनेजर (मशीनची नेटवर्क जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम) थोड्याच वेळात कनेक्शन खाली घेतो आणि त्या इंटरफेसवरचे राउट पुसले जातात. स्विच आल्यावर नेटवर्कमॅनेजर स्वतःच्या नोंदीतले राउट घालतो. तुमचा त्याच्या नोंदीत नाहीच. आणि मशीन बंद पडलेलं नसतं, म्हणून आरसी.लोकलही पुन्हा चालत नाही.

याच तक्रारीवर एका इंटरनेट लाइनवाल्यांच्या तक्रार केंद्राने मोडेम बदलायला लावला होता. राउटिंग टेबल (मशीनमधली राउटची यादी) काय दाखवतंय, हे एका शब्दाने विचारलं नाही. गोदामातल्या गोदामात जाणाऱ्या पॅकेटचा बाहेरच्या लाइनशी संबंध काय? फोनवर तासन्‌तास घालवू नका. कॅमेरे दिसत नसताना 'आयपी राउट गेट' आणि पुढे कॅमेऱ्याचा पत्ता एवढंच चालवा. उत्तरात ऑफिस आणि कॅमेऱ्यांच्या मधल्या राउटरऐवजी इंटरनेटच्या मोडेमचा पत्ता आला, तर राउट उडालाय.

समजा कॅमेरे १९२.१६८.५०.०/२४ मध्ये आणि मधला राउटर १९२.१६८.१.२५४ (तुमचे आकडे घाला). नेटवर्कमॅनेजरची कमांड अशी: 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय', मग कनेक्शनचं नाव, मग '+आयपीव्ही४.राउट्स', मग हे दोन्ही पत्ते मध्ये जागा सोडून एकाच अवतरणात. अधिक चिन्ह विसरलात तर आधीचे राउट जातील. नाव कनेक्शनचं, इंटरफेसचं नव्हे. शेवटी 'एनएमसीएलआय कनेक्शन अप' आणि तेच नाव. दुरून एसएसएचवर (नेटवर्कवरून लॉगिन करून) असाल तर हे करू नका, समोर बसूनच करा.

इंटरफेस 'इटीसी'खालच्या 'नेटवर्क/इंटरफेसेस' फाइलमध्ये असेल तर नेटवर्कमॅनेजर सहसा त्याला हात लावत नाही. तिथे त्याच इंटरफेसच्या नोंदीखाली 'अप' लिहून राउटची ओळ घाला. दोन्हीकडे घालू नका. उबुंटू सर्व्हरवर नेटवर्कची सेटिंग नेटप्लॅनमध्ये असते. तिथे 'नेटप्लॅन ट्राय' वापरा, होकार दिला नाहीत तर १२० सेकंदांत जुनी सेटिंग परत येते. फ्रीबीएसडी या वेगळ्या सिस्टीमवर आरसी.कॉन्फ फाइलमध्ये 'स्टॅटिक_राउट्स' लिहा.

रीस्टार्टनंतर चालतंय म्हणजे परतीचा रस्ता ठीक आहे, कॅमेऱ्यांच्या गेटवेला हात लावू नका.

तपासायला रीस्टार्ट नको, त्याने काहीच कळणार नाही. आरसी.लोकलमधली ओळ आधी काढा, केबल अर्धा मिनिट उपसून ठेवा, परत लावा, मग टेबल बघा.

स्विच यूपीएसवर घ्याच, पण राउट नीट घातल्यावर. नाहीतर दुखणं फक्त झाकलं जाईल. आणि दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल उघड्यावरून नेली असेल, तर पावसाळ्याआधी फायबर टाका. विजा पडायला लागल्या की पोर्ट जळतात.