श्रेडरचा कचरा पोलाद भट्टीत चालतो का?

प्रश्न : आमची इंडक्शन भट्टी आहे. जुन्या गाड्या श्रेडरमधून (तुकडे करणाऱ्या यंत्रातून) काढल्यावर फोम, प्लॅस्टिक, रबर यांचा ढीग उरतो. कोकऐवजी (भाजलेल्या दगडी कोळशाऐवजी) तो भट्टीत टाकावा का? (एक वाचक, जालना)

उत्तर : तुमच्या भट्टीत नको. तिची उष्णता विजेची, इंधन जाळायची तिथे सोयच नाही. प्लॅस्टिक तोंडावरच भडकेल आणि ओला फोम वितळलेल्या पोलादाच्या रसाखाली गेला तर रस उसळेल.

आर्क भट्टीत, म्हणजे विजेच्या ठिणगीवर भंगार वितळवणाऱ्या भट्टीत, गोष्ट वेगळी. तिथे स्लॅग (रसावर तरंगणारी मळी) फेसाळावा म्हणून कोकची भुकटी फुंकतातच. मूळच्या मुंबईच्या प्रा. वीणा सहजवाला यांनी सिडनीत या कोकचा काही भाग टायरच्या रबराने भागवण्याची पद्धत विकसित केली. पण टायरचं रबर वेगळं आणि श्रेडरची भेळ वेगळी. गाडीच्या वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतक्या या भेळीत माती, काच, पीव्हीसी आणि तांब्याच्या तारा असतात.

खरा शत्रू तांबं. लोखंड त्याच्याआधी ऑक्सिडाइझ होतं, त्यामुळे पोलादात शिरलेलं तांबं स्लॅगमध्ये निघून जात नाही. बिलेट (ओतलेल्या पोलादाची कांडी) ११०० अंशांच्या वर तापवताना ते वरच्या गंजाच्या पापुद्र्याखाली साचतं, १०८५ अंशांना वितळतं, पोलादाच्या कणांच्या सीमांत झिरपतं आणि रोलिंगमध्ये पृष्ठभाग तडकतो. पीव्हीसीतल्या क्लोरीनमुळे धुराची नळी गंजते. शिवाय वायू ४५० ते २५० अंशांदरम्यान रेंगाळला तर डायॉक्सिन हे घातक विष तयार होतं, आणि त्यालाही तांबंच हातभार लावतं.

म्हणून आर्क भट्टीत हा माल वापरायचा तर आधी चुंबक, मग हवेच्या झोतानं फोम वेगळा. हे टाळलं तर फोममध्ये अडकलेल्या बारीक तारा पुढे पाण्यावर तरंगत राहतात. उरलेला माल १० मिमीखाली कापून साध्या पाण्याच्या टाकीत सोडा : पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन वर येतं, पीव्हीसी, काच, तांबं तळाशी जातं. वरचा माल वाळवून गोळ्या करा, नाहीतर हॉपरमध्ये (माल सोडायच्या नरसाळ्यात) कमान धरून अडकतो. फुंकायच्या कोकमध्ये त्यांची सुरुवात १० टक्क्यांनी. हे सारं प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लेखी परवानगीनंतरच.

प्रश्न : मालातलं तांबं कसं तपासायचं?

उत्तर : एका मुठीवर विश्वास नको. ढिगाच्या वीसेक जागांहून माल घ्या, एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा आणि पुन्हा तेच करा. किलोभर उरला की प्रयोगशाळेत द्या. राखेतलं तांबं तिथे मोजतात. मात्र राखेचं वजन मूळ नमुन्याच्या किती टक्के भरलं, तेही लिहून मागा. त्यावाचून मूळ मालात तांबं किती ते काढता येत नाही, आकडा निरुपयोगी. आर्क भट्टीवाल्यांनी हा माल वापरण्याआधीच्या आणि नंतरच्या हीटचा (भट्टीच्या खेपेचा) स्पेक्ट्रोमीटरवरचा तांब्याचा आकडाही ताडून पाहावा.