आर्च लिनक्स हाताने इन्स्टॉल करावं की इन्स्टॉलर वापरावा?

आर्च ही लिनक्सची एक आवृत्ती इन्स्टॉलरशिवाय, एकेक कमांड देत हाताने इन्स्टॉल केल्यावर मशीन वेगवान होतं का आणि खरंच काही शिकायला मिळतं का, असं तुम्ही विचारलंय. वेगाचं आधी सांगतो: फरक पडत नाही. दोन्ही वाटांनी तीच तयार पॅकेजं त्याच मिररवरून (पॅकेजांच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) उतरतात. (जेंटू या दुसऱ्या लिनक्सवर सगळं स्वतः कंपाइल करता येतं, ती गोष्ट वेगळी. तिथेही वेग वाढण्याआधी पंखाच जोरात फिरायला लागतो.)

शिकायला मिळतं, पण आर्चच्या विकीवरच्या कमांड डोळे झाकून चिकटवल्या तर काहीच पदरात पडत नाही. उपयोग कळतो तो एखाद्या अपडेटनंतर मशीन बूट व्हायचं थांबतं तेव्हा. लाइव्ह यूएसबीवरून (थेट पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या आर्चवरून) बूट करायचं, रूट (मुख्य सिस्टिमचं) आणि ईएफआय (बूटच्या फाइलींचं) पार्टिशन माउंट करायची म्हणजे जोडायची, आर्च-क्रूट या कमांडने डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरायचं, मग कर्नल (सिस्टिमचा गाभा) पुन्हा टाकायचा किंवा ग्रब (सिस्टिम सुरू करून देणारा बूटलोडर) दुरुस्त करायचा. पार्टिशन पाडणं आणि पॅकस्ट्रॅप (मूळ पॅकेजं डिस्कवर टाकणारी कमांड) सोडलं तर हाताने इन्स्टॉल करतानाचेच हे टप्पे. दुरुस्तीची रंगीत तालीम आधीच झालेली असते.

म्हणून घाई करू नका. जेनएफएसटॅब ही कमांड चालवलीत की तिने बनवलेली एफएसटॅब फाइल (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) उघडून बघा. डिस्कच्या नावाऐवजी तिथे लांबलचक यूयूआयडी (पार्टिशनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) का लिहिलाय, हे समजून घ्या: आणखी एक डिस्क जोडली तर एसडीए, एसडीबी ही डिस्कची नावं बदलू शकतात, यूयूआयडी तोच राहतो. आणि नेटवर्कमॅनेजर (नेट जोडून देणारा प्रोग्रॅम) आठवणीने टाका. बेस पॅकेजात तो नसतो. लाइव्ह यूएसबीवर नेट मस्त चालतं आणि रीबूटनंतर वायफाय गायब, हे नवख्यांचं ठरलेलं दुखणं.

'इन्स्टॉलर वापरला म्हणजे खरा आर्चवाला नाही' ही बढाई सोडून द्या. २०२१पासून आर्चइन्स्टॉल हा इन्स्टॉलर अधिकृत आयएसओतच (डाउनलोड करायच्या इन्स्टॉल फाइलीतच) येतो. फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टिम वापरणारे तर वर्षानुवर्षं इन्स्टॉलरच वापरतात, त्यांना कुणी कच्चं म्हणत नाही.

माझा सल्ला: व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये) हाताने करा, मुद्दाम ग्रब मोडा, परत उभं करा. रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर खुशाल इन्स्टॉलर चालवा. डिस्क एन्क्रिप्ट करायची असेल तर नक्कीच, कारण तिथे एमकेइनिटसीपीआयओचे (बूटच्या सुरुवातीची छोटी सिस्टिम बनवणाऱ्या साधनाचे) हुक म्हणजे त्यातले टप्पे आणि कर्नल पॅरामीटर (बूट होताना कर्नलला दिलेल्या सूचना) एकमेकांशी जुळावे लागतात. एक जरी चुकलं तरी बूट अर्ध्यातच अडकतं. फक्त 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय निवडण्याआधी डिस्कचं नाव आणि आकार दोनदा वाचा.