जुन्या कंपनीचा फंड काढण्याआधी पेन्शनची वर्षं मोजा

तुम्ही एकात तीन प्रश्न विचारलेत. वय 33, जुन्या कंपनीत 6 वर्षं 8 महिने, आताच्या कंपनीत अडीच वर्षं; गावच्या घराचा स्लॅब टाकायचाय, तर जुना फंड काढू का, हा एक. पासबुकात कंपनीचा वाटा कमी दिसतो, मालक पैसे खातोय का, हा दुसरा. भावाच्या वर्कशॉपला पीएफ लागतो का, हा तिसरा. माझी सगळी नोकरी पगारपत्रकं आणि पीएफची चलनं करण्यात गेली, म्हणून पासबुकापासूनच सुरू करतो.

तुमचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 14,000. त्यातून 12 टक्के, म्हणजे 1,680 कापले जातात आणि पहिल्या रकान्यात तसेच दिसतात. कंपनीही 1,680 च भरते. पण त्यातले 8.33 टक्के, म्हणजे 1,166 रुपये पेन्शनकडे जातात आणि उरलेले 514 तुमच्या फंडात. तुम्ही ते 514 बघून भडकलात, शेजारचा पेन्शनचा रकाना पाहिलाच नाही. दोन्हीची बेरीज करा, जुळते. त्या बाबतीत मालक सरळ आहे.

पगाराची स्लिप मात्र नीट बघा. ऑफर लेटरच्या सीटीसीत, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चात, कंपनीचा वाटा धरलेला असणं वेगळं, आणि हातात येणाऱ्या पगारातून दोन्ही वाटे कापणं वेगळं. मालकाचा वाटा कामगाराकडून वसूल करता येत नाही. स्लिपवर 1,680 दोनदा कापलेले दिसले तर ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) तक्रार पोर्टलवर स्लिप जोडून सरळ तक्रार टाका.

आता मूळ मुद्दा. फंड आणि पेन्शन हे दोन वेगळे हिशोब आहेत, आणि गडबड होते ती ते एक समजल्यामुळे. फंडाच्या शिलकेवर दरवर्षी व्याज चढतं (2024-25 साठी 8.25 टक्के). पेन्शनच्या रकान्यातल्या पैशावर तुमच्या नावे व्याज चढत नाही. ते पैसे म्हणजे तुमची शिल्लक नव्हेच. तिथे मोजली जातात ती वर्षं. सूत्र असं: शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. पगाराची मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासून 15,000 आहे. तुमचा पगार 14,000 धरला तर एका वर्षाच्या नोकरीला महिना 200 रुपये पेन्शन पडते. जुन्या कंपनीची पावणेसात वर्षं म्हणजे वयाच्या 58 नंतर दरमहा साधारण तेराशे रुपये, तेही मरेपर्यंत. तुमच्यामागे पत्नीला त्यातला निम्मा हिस्सा.

आता उलटी बाजू. फॉर्म 10सी भरून पेन्शनचे पैसे काढले तर नोकरीच्या प्रत्येक वर्षाला ढोबळमानाने एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम मिळते, आणि ती वर्षं कायमची पुसली जातात. पेन्शनला किमान 10 वर्षं लागतात. तुमची दोन्हीकडची मिळून 9 वर्षं 2 महिने झाली आहेत, म्हणजे दहा महिन्यांत दहा भरतील. या टप्प्यावर फॉर्म 10सी भरणं म्हणजे उभं पीक कापणीआधी गुरांना घालणं. ‘पूर्ण फंड काढून देतो’ म्हणणारे एजंट फॉर्म 19 (फंड काढण्याचा) आणि 10सी एकदमच भरतात, कारण त्यांचं कमिशन रकमेवर असतं. तुमची वर्षं गेली काय नि राहिली काय, त्यांना काय फरक पडतो?

शिवाय तुम्ही पीएफ लागू असलेल्या नोकरीत आहात, तेव्हा जुनं खातं बंद करून पैसे काढायचा प्रश्नच येत नाही. ते आताच्या खात्यात ट्रान्सफर करायचं. ट्रान्सफर झाल्यावर पुन्हा एकदा घाबराल, म्हणून आधीच सांगून ठेवतो: जुना फंड नव्या पासबुकात दिसेल, पण त्या नोंदीपुढे पेन्शनच्या रकान्यात शून्य असेल. पैसे बुडालेले नसतात. पेन्शनचे पैसे खात्याखात्यांत फिरत नाहीत, फक्त सेवेचे दिवस पुढे येतात. ते पोर्टलवरच्या सर्व्हिस हिस्टरीत, म्हणजे नोकऱ्यांच्या नोंदीत तपासा. तिथेच एनसीपी डेज, म्हणजे बिनपगारी दिवस किती लावलेत तेही बघा. कधीकधी अकाउंटवाला तिथे काहीही आकडे टाकून मोकळा होतो, आणि ते दिवस पेन्शनच्या सेवेतून वजा होतात.

जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटचा भरणा झाल्यापासून दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः ऑनलाइन टाकता येते. ही तारीख नव्या कंपनीच्या रुजू तारखेच्या पुढे जाऊ देऊ नका, क्लेम तिथेच अडकतो. आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव वेगळं असेल तर आधी जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे तुम्ही आणि कंपनीने मिळून करायचा दुरुस्तीचा अर्ज.

स्लॅबसाठी ट्रान्सफर झाल्यावर फॉर्म 31 ने घरासाठीचा अ‍ॅडव्हान्स मागा. तो फंडातून मिळतो, फेडायचा नसतो, आणि पेन्शनच्या एकाही वर्षाला धक्का लागत नाही. जाता जाता ई-नॉमिनेशन करून टाका, म्हणजे वारसाचं नाव ऑनलाइन नोंदवा. नोकरीत असताना काही बरंवाईट झालं तर घरच्यांना पीएफसोबतच्या विम्याचे 7 लाखांपर्यंत मिळू शकतात, आणि एका महिन्याचा भरणा असला तरी पत्नीला पेन्शन लागू होते.

भावाचं म्हणणं, ‘माझ्याकडे 14 जण, बाकीचे ठेकेदाराचे.’ हे चालत नाही. ठेकेदाराकडून आलेली माणसंही मोजणीत धरतात, आणि 20 झाले की पीएफ लागू. पुढे माणसं कमी झाली तरी सुटका नाही. सगळा पगार भत्त्यांत दाखवून बेसिक कमी ठेवायची युक्तीही टिकत नाही. सर्वांना सरसकट मिळणारे भत्ते पीएफसाठी पगारातच धरायचे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्येच सांगितलंय. भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. उशीर झाला तर वर्षाला 12 टक्के व्याज, आणि वर दंड वेगळा. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर वसुली भावाकडून होऊ शकते, म्हणून त्याचं बिल पास करण्याआधी कामगारांची नावं असलेलं चलन मागायचं, नुसती पैसे भरल्याची पावती नाही. आज त्याला एवढंच सांगा: हजेरीची जुनी रजिस्टरं काढ, ठेकेदाराच्या माणसांसकट डोकी मोज आणि वीस पहिल्यांदा कोणत्या महिन्यात झाले ते शोध. थकबाकी त्याच महिन्यापासून निघेल.