नवरा मारतो, खोली सासूबाईंच्या नावावर आहे. मुंबईत मदत कुठे मागावी?

ताई, तुम्ही लिहिले आहे की नवरा मारतो, कांदिवलीची खोली सासूबाईंच्या नावावर असल्यामुळे ‘बाहेर काढीन’ ही धमकी रोजची झाली आहे, आणि पोलीस ठाण्यात गेलात तेव्हा एनसी (अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशा गुन्ह्याची नोंद) करून तुम्हाला घरी पाठवण्यात आले. घटस्फोट घ्यायचा की नाही हे अजून ठरलेले नाही, मार तेवढा थांबला पाहिजे, तर अशा बाईला कोणी मदत करील का, असा तुमचा प्रश्न आहे. करतील. मदत मागण्याआधी संसार मोडायचे ठरवावे लागत नाही, कायदाही तशी अट घालत नाही.

मी महापालिकेच्या रुग्णालयात अपघात विभागात परिचारिका म्हणून अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे मी तुम्हाला पहिल्यांदा रुग्णालयात जायला सांगेन. पोलीस ठाण्यात जायचे म्हटले की घरात वादळ उठते. दवाखान्यात जाऊन येते, एवढे सांगून मात्र बाईला घराबाहेर पडता येते. ‘न्हाणीघरात घसरले’ असे सांगणाऱ्या बाईच्या दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटांचे वळ आम्हाला स्पष्ट दिसत असत, आणि तिला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शेजारी उभा असलेला नवराच देत असे. अशा वेळी आम्ही त्याला काहीतरी कारण काढून खिडकीवर पाठवत असू आणि तेवढ्या वेळात तिच्याशी बोलत असू. तुम्ही शक्यतो एकट्या जा आणि कोणी, कशाने, कधी मारले हे डॉक्टरांना सरळ सांगा. केसपेपरवर ‘पडल्यामुळे दुखापत’ असे लिहिले गेले, तर पुढे न्यायालयात तोच कागद तुमच्याविरुद्ध दाखवला जातो. ‘पतीने मारहाण केल्याचे रुग्ण सांगते’ असे लिहिले गेले, तर तो तुमचा पुरावा ठरतो. रुग्णालयातून पोलिसांना कळवले जाऊ शकते, पण जबाबात काय सांगायचे आणि तक्रार पुढे न्यायची की नाही, हे तुम्हीच ठरवायचे असते.

वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात ‘सेहत’ ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले, त्याला आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे, आणि नंतर महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली. तेथील समुपदेशक बाईला ‘जुळवून घे’ असे सांगत नाहीत. मार खाण्यात तुमची काही चूक नाही इथपासून त्या सुरुवात करतात आणि आज रात्री घरी जाणे सुरक्षित आहे का, हे आधी विचारतात. जवळच्या महापालिका रुग्णालयात केसपेपर काढतानाच दिलासा केंद्राची चौकशी करा. दुसरी जागा म्हणजे महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने तो सुरू केला. तिथे प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या पोलीस यंत्रणेच्या आवारातच बसतात, त्यामुळे त्यांनी नवऱ्याला बोलावले की तो सहसा टाळत नाही.

आता खोलीविषयी, कारण तुमची सर्वांत मोठी भीती तीच आहे असे मला वाटते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा अधिनियम 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम 17 नुसार, ज्या सामायिक घरात तुम्ही नवऱ्याबरोबर नांदत आहात तिथे तुमचे नाव कागदावर असो वा नसो, राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ते सामायिक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये स्पष्ट केले. याचा अर्थ खोली तुमच्या मालकीची झाली असा नाही, आणि सासूबाईंनाही न्यायालयात जाता येते. परंतु कायदेशीर मार्ग सोडून, दाराला कुलूप लावून किंवा सामान जिन्यात फेकून तुम्हाला कोणी काढू शकत नाही. दंडाधिकारी मारहाणीला मनाई करू शकतात, गरज पडल्यास नवऱ्यालाच घर सोडायला सांगू शकतात (सासूबाई स्त्री असल्यामुळे त्यांना मात्र तसे सांगता येत नाही), किंवा तुमच्यासाठी दुसऱ्या जागेचे भाडे त्याच्याकडून देववू शकतात. घरखर्च अडवणे आणि तुमचे दागिने परस्पर विकणे हीसुद्धा या कायद्याने हिंसाच आहे.

यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. तो संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यामार्फत) करता येतो, स्वतः थेटही करता येतो, आणि त्यासाठी आधी पोलिसांत गुन्हा नोंदवलेला असण्याची गरज नसते. पहिली तारीख साधारणपणे 3 दिवसांत द्यावी आणि 60 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पुष्कळ वेळ जातो, म्हणून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाची मागणी पहिल्याच अर्जात करायला वकिलांना आवर्जून सांगा. मारहाणीला मनाई करणारा संरक्षण आदेश मोडणे हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि त्यासाठी 1 वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वकिलाच्या फीची चिंता करू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे.

एनसीचा कागद फाडून टाकला नसेल तर तो जपून ठेवा. साधी दुखापत अदखलपात्र असते म्हणून चापट मारल्याची एनसी होते, पण नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेली क्रूरता भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली येते आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. पुन्हा जाल तेव्हा एका चापटीची हकिकत न सांगता आतापर्यंतचा सगळा छळ तारीखवार लिहून न्या, आणि कोणाला तरी सोबत न्या.

एका गोष्टीबाबत मी आग्रहाने सांगते. त्याने एकदाही गळा दाबला असेल, तर त्याला नेहमीच्या मारहाणीत धरू नका. गळ्यावर वळ दिसला नाही तरी आत इजा झालेली असू शकते. आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांसमोर अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. गळा दाबणारा माणूस पुढे जीव घेण्यापर्यंत जाण्याचा धोका फार मोठा असतो, त्या घरात ‘बघू सकाळी’ असे म्हणत रात्र काढू नका.

तुमची आई म्हणते की तुमची मुलगी चौथीत आहे, तिचे होऊ दे, तोवर सोस. आईची काळजी खोटी नाही, पण चौथीतली मुलगी भिंतीपलीकडून सगळे ऐकत असते. तिच्या ताब्याचा तात्पुरता आदेशही याच अर्जात मागता येतो, हे आईला सांगा. मुलगी हिरावली जाईल या भीतीनेच पुष्कळ आया लेकींना गप्प बसवतात.

आधार कार्ड, रेशन कार्ड, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, बँकेचे पासबुक, केसपेपर आणि थोडे पैसे अशी एक पिशवी तयार करा आणि ती घरात न लपवता भरवशाच्या शेजारणीकडे ठेवा. 112, मुंबई पोलिसांचा महिलांसाठीचा 103 आणि महिला हेल्पलाइनचा 181 हे क्रमांक पाठ करा. हा प्रश्न ज्या मोबाइलवरून विचारलात तो नवऱ्याच्या हाती पडत असेल, तर हे वाचून झाल्यावर शोधलेल्या पानांची नोंद पुसून टाका आणि यापुढचे फोन त्या शेजारणीच्या मोबाइलवरून करा.