संचालकाची खुर्ची आणि सहीची जबाबदारी : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांत शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या, म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या कंपन्यांच्या, आणि घरगुती प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांच्या संचालकांची पत्रे सर्वाधिक आहेत. दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची केंद्र सरकारची योजना २०२० मध्ये आली आणि त्यानंतर कोकणातही आंबा, काजू, कोकम पिकवणारी पुष्कळ मंडळी संचालक झाली. सोसायटीची वार्षिक सभा त्यांच्या परिचयाची होती; कंपनी कायद्याशी मात्र त्यांचा कधी संबंध आला नव्हता. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : आमची आंबा बागायतदारांची उत्पादक कंपनी आहे आणि मी तिचा संचालक आहे. गेल्या हंगामात पुठ्ठ्याचे खोके अध्यक्षांच्या सख्ख्या भावाकडून घेतले गेले. दर बाजारापेक्षा चढा आहे हे आम्हा तिघाचौघांना माहीत होते. पण अध्यक्षांनी कंपनीसाठी स्वतःचे पेट्रोल जाळून धावपळ केली आहे, म्हणून कोणी बोलले नाही. सभेत ठराव झाला होता की नाही, हेही आठवत नाही. सभासदांनी उद्या विचारले तर जबाबदारी अध्यक्षांची, की आमचीही? (एक बागायतदार, देवगड)

उत्तर : आपलीही. मात्र ती का आणि किती, हे नीट समजून घ्यावे, कारण आपल्या पत्रात दोन वेगळे मुद्दे एकत्र आले आहेत.

पुरवठादार अध्यक्षांचा भाऊ आहे, एवढ्यावरून व्यवहार बेकायदा ठरत नाही. गावात खोके पुरवणारा एकच असेल आणि तो भाऊ असेल, तर कंपनीने त्याच्याकडून खरेदी करूच नये असे कायदा म्हणत नाही. कायद्याला हवी असते ती उघड नोंद आणि संमती. कंपनी कायदा, २०१३ नुसार भाऊ हा संचालकाचा नातेवाईक आहे आणि म्हणून कंपनीचा ‘संबंधित पक्ष’ आहे. अशा पक्षाशी खरेदीचा करार करायचा तर कलम १८८ प्रमाणे संचालक मंडळाच्या प्रत्यक्ष सभेत ठराव व्हावा लागतो. कागद घरोघर फिरवून घेतलेल्या सह्या त्यासाठी पुरत नाहीत. व्यवहाराची रक्कम कंपनीच्या उलाढालीच्या दहा टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर सभासदांचीही मंजुरी लागते. यातून सूट मिळते ती नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात, परक्या माणसाशी केला असता तशाच अटींवर केलेल्या व्यवहाराला. आंब्याच्या कंपनीने खोके घेणे हा नेहमीचाच व्यवसाय आहे, हे कोणीही मान्य करील. परंतु दर चढा होता असे आपणच लिहिले आहे, त्यामुळे या सवलतीचा आधार आपल्याला घेता येणार नाही. संमतीशिवाय केलेल्या अशा कराराला तीन महिन्यांच्या आत मंजुरी मिळाली नाही तर मंडळाला तो रद्द ठरवता येतो, आणि कंपनीचे नुकसान ज्यांचा संबंध होता किंवा ज्यांनी परवानगी दिली, त्या संचालकांना भरून द्यावे लागते.

दुसरा मुद्दा आपल्या मौनाचा. कलम १६६ प्रमाणे प्रत्येक संचालकाने, केवळ अध्यक्षाने नव्हे, वाजवी काळजी घेऊन आणि स्वतंत्र बुद्धीने निर्णय घ्यायचा असतो, आणि स्वतःला, नातेवाइकांना किंवा भागीदारांना गैरवाजवी फायदा मिळू द्यायचा नसतो. असा फायदा घेतल्याचे सिद्ध झाले तर तेवढी रक्कम कंपनीला परत करावी लागते आणि एक ते पाच लाख रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. उत्पादक कंपन्यांविषयीचे प्रकरण, जे २०२० च्या दुरुस्तीने २०१३ च्या कायद्यात आले, याच्याही पुढे जाते. कायद्याच्या किंवा कंपनीच्या नियमावलीच्या विरुद्ध असलेल्या गोष्टीला ज्या संचालकांनी मत देऊन अथवा अन्य मार्गाने मान्यता दिली, त्यांच्यावर नुकसानीची जबाबदारी एकत्रितपणे आणि वैयक्तिकरीत्याही येते. म्हणजे वसुली चौघांकडून मिळून होऊ शकते, किंवा चौघांपैकी ज्याच्याकडे असेल त्याच्याकडूनही. इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले असेल, तर मी मनातून विरोधात होतो हे सांगून उपयोग नाही. विरोध करणाऱ्या किंवा सहमत नसलेल्या संचालकाचे नाव इतिवृत्तात नोंदवलेच पाहिजे असे कलम ११८ म्हणते, आणि संचालकासाठी याहून स्वस्त विमा दुसरा नाही.

आता करायचे काय? पहिले म्हणजे गेल्या हंगामाची खोक्यांची बिले आणि त्या काळातील सभांची इतिवृत्ते पाहायला मागावीत. मागणी लेखी करावी आणि ती अध्यक्षांवरचा आरोप वाटेल अशा भाषेत करू नये. नंतर ‘पुढील हंगामाची खोके खरेदी’ हा विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावावा. ही सभा मोहोर येण्याच्या सुमारास झाली तर उत्तम. मार्चमध्ये पहिली काढणी तोंडावर आली की ‘आता दर कसले बघता, खोके आणा’ असे होते आणि चढे दर नेमके त्याच घाईत खपून जातात. निदान तीन पुरवठादारांचे लेखी दर मागवावेत, ते सभेतच उघडावेत, आणि त्या विषयापुरते अध्यक्षांनी आसन दुसऱ्या संचालकाकडे देऊन बाहेर बसावे. प्रायव्हेट कंपन्यांना हितसंबंध जाहीर केल्यानंतर चर्चेत भाग घेण्याबाबत काही सवलत आहे आणि उत्पादक कंपनीला पुष्कळशा बाबतीत प्रायव्हेट कंपनीचेच नियम लागतात. तरीही सवलत आहे म्हणून ती वापरावीच असे नाही. भावाचा दर तिघांत सर्वांत कमी निघाला, तर खरेदी त्याच्याकडूनच करावी आणि तसे नोंदवावे. त्यात अध्यक्षांचीच इज्जत राखली जाते.

आपल्याकडे अडचण कायद्याची कमी आणि भिडेची जास्त असते, हे मला ठाऊक आहे. ज्याला सभेत प्रश्न विचारायचा, त्याच्याच खांद्याला खांदा लावून शिमग्यात पालखी नाचवायची असते. पण भीड भिकेची बहीण, आणि इथे भिकेला लागतात ते सभेला हजर नसलेले शेकडो सभासद, ज्यांच्या वतीने आपण तिथे बसता.

प्रश्न : मी एका काजू प्रक्रिया करणाऱ्या उत्पादक कंपनीत मुख्य कार्यकारी अधिकारी आहे. दहा संचालकांपैकी जो येईल तो कारखान्यात सूचना देतो. एक म्हणतो बी आजच उचला, दुसरा म्हणतो भाव उतरेपर्यंत थांबा. ओली बी मी परत पाठवली, तर एका संचालकांनी ती पुन्हा आत घ्यायला लावली, कारण ती त्यांच्या मेहुण्याची होती. मी कोणाचे ऐकायचे? (वेंगुर्ले)

उत्तर : मंडळाचे ऐकायचे, संचालकाचे नव्हे. संचालक मंडळाचे अधिकार हे मंडळ म्हणून, सभेत, ठरावाने वापरायचे असतात. कारखान्याच्या दारात उभ्या असलेल्या एकट्या संचालकाला, मंडळाने त्याच्याकडे काही सोपवले नसेल तर, आपल्याला आदेश देण्याचा अधिकार नाही. उत्पादक कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी पूर्णवेळ असावा, तो सभासदांव्यतिरिक्त बाहेरचा असावा आणि तो पदसिद्ध संचालक असावा, अशी कायद्याची योजना आहे. दैनंदिन कारभार त्याने करायचा आणि मंडळाने धोरण ठरवून त्याच्याकडून हिशेब घ्यायचा.

तेव्हा मंडळाकडून एक लेखी खरेदी धोरण मंजूर करून घ्यावे. बीमध्ये ओलावा किती चालेल, तो कोण आणि कशाने मोजणार, कोणत्या दरापर्यंत आपण स्वतःच्या अधिकारात खरेदी करू शकता आणि कुठून पुढे अध्यक्षांना विचारावे लागेल, हे त्यात असावे. परत पाठवलेल्या प्रत्येक मालाची नोंदवही ठेवावी आणि ती दर सभेपुढे मांडावी. उत्पादक कंपनीच्या मंडळाची सभा तीन महिन्यांतून निदान एकदा झालीच पाहिजे. हंगामात ती महिन्याला घ्यावी, असा माझा आग्रह राहील.

इथे एक गोष्ट उत्पादक कंपन्यांनी उघडपणे मान्य करायला हवी. अन्य कंपन्यांत संचालकाचा हितसंबंध हा अपवाद असतो. आपल्याकडे मात्र प्रत्येक निवडून आलेला संचालक स्वतःच कंपनीला माल घालतो. सभासदाला मालाची सुरुवातीची किंमत किती द्यायची आणि किती रोखून ठेवायची हे मंडळ ठरवते, म्हणजेच संचालक स्वतःच्याच बीचा भाव ठरवतात. हे टाळता येत नाही, कारण कंपनीची रचनाच तशी आहे. म्हणून एकच भावफलक, एकच प्रतवारी आणि एकच वजनकाटा सर्वांना, एवढे तरी कसोशीने पाळावे. शिवाय मंडळावर तज्ज्ञ संचालक घेण्याची सोय कायद्यात आहे, एकूण संचालकांच्या एक पंचमांशापर्यंत. ज्याची स्वतःची काजूची बाग नाही असा एखादा निवृत्त बँक अधिकारी किंवा कृषी विद्यापीठातील जाणकार भावनिश्चितीच्या वेळी टेबलाशी असला की चर्चेचा सूर बदलतो.

प्रश्न : स्वतंत्र संचालकांना, म्हणजे कंपनीशी हितसंबंध नसावा म्हणून बाहेरून घेतलेल्या संचालकांना, मानधन कंपनीच देते आणि त्यांची निवडही प्रवर्तकच (कंपनी उभी करणारेच) करतात. मग ते स्वतंत्र कसे? (वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि सत्यम या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीतील घोटाळ्याने ती सर्वांसमोर आणली. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमच्या मंडळाने प्रवर्तक कुटुंबाच्याच मेटास नावाच्या दोन बांधकाम कंपन्या विकत घेण्याचा ठराव मंजूर केला. मंडळावर नामवंत प्राध्यापक होते, माजी कॅबिनेट सचिव होते. गुंतवणूकदार खवळले म्हणून तो निर्णय लगेच मागे घ्यावा लागला, आणि ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून ताळेबंदातील पाच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नसल्याची कबुली दिली. म्हणजे मंडळाला थांबवले ते बाहेरच्या बाजाराने, आतल्या विद्वत्तेने नव्हे.

त्यानंतरच्या कायद्याने पुष्कळ कुंपणे घातली. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत निदान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र हवेत, सलग दोन कार्यकाळांहून जास्त राहता येत नाही, त्यांना स्टॉक ऑप्शन (ठरलेल्या दराने कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) घेता येत नाही, आणि व्यवस्थापनाला वगळून त्यांनी वर्षातून निदान एकदा स्वतंत्र बैठक घ्यायची असते. जबाबदारीची मर्यादाही ठरली : जे त्यांना मंडळाच्या कामकाजातून माहीत होते आणि ज्याला त्यांची संमती होती, किंवा जिथे त्यांनी पुरेशी दक्षता घेतली नाही, तेवढ्यापुरते ते जबाबदार. निवडीचा प्रश्न मात्र पुरता सुटलेला नाही. १ जानेवारी २०२२ पासून शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने त्यांच्या नियुक्तीला भागधारकांचा विशेष ठराव आवश्यक केला. तरी नाव सुचवणारा बहुधा प्रवर्तकच असतो. माझे मत असे की, स्वातंत्र्य नियमांपेक्षा परिस्थितीने येते. ज्याला हे पद गेले तरी फरक पडत नाही, तोच नको असलेला प्रश्न विचारतो.

प्रश्न : आमच्या प्रायव्हेट कंपनीचे दोन संचालक मुंबईला असतात आणि गणपतीलाच येतात. व्हिडिओवरून सभा चालते का? (अलिबाग)

उत्तर : चालते आणि अशी हजेरी गणपूर्तीतही (सभेला लागणाऱ्या किमान हजेरीत) धरली जाते, मात्र हजर राहणाऱ्याची ओळख पटवणे, सभेचे चित्रमुद्रण जपणे आणि इतिवृत्त लिहिणे हे सोपस्कार पाळावेत. सूचना सात दिवस आधी द्यावी. बारा महिन्यांतील एकाही सभेला जो संचालक हजर राहत नाही त्याचे पद आपोआप रिकामे होते, मग त्याने रजा मागितलेली असो वा नसो.

प्रश्न : ‘दोन संचालक लागतात’ म्हणून मुंबईच्या चुलत भावाने काही वर्षांपूर्वी मला त्याच्या पर्यटन निवासाच्या प्रायव्हेट कंपनीत घेतले. जमीन माझी नाही, नफ्यात वाटा नाही. डिजिटल सही त्यांच्याच सी.ए.कडे असते. एकाही सभेला मला बोलावलेले नाही. आता कळते की कंपनीची दोन वर्षांची वार्षिक विवरणपत्रे सरकारकडे भरलेली नाहीत. राजीनामा दिला की मी मोकळा का? (गुहागर)

उत्तर : पुढच्यासाठी मोकळे, मागच्यासाठी नाही. आपण पदावर असताना जे घडले त्याची जबाबदारी राजीनाम्यानंतरही राहते.

आधी डिजिटल सहीचे टोकन आजच परत मागावे. दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेली डिजिटल सही म्हणजे सही केलेला कोरा चेक आहे. तिने आपल्या नावे काय काय दाखल झाले, हे आपल्याला माहीतच नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर माफक शुल्क भरून कंपनीचे सर्व दाखल कागद पाहता येतात, ते पाहून घ्यावेत.

त्यानंतर, राजीनाम्याआधी, थकलेली विवरणपत्रे भरून घेण्याचा आग्रह धरावा. प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये जादा शुल्क वाढत राहते, हे भावाला दाखवून द्यावे. बहुधा तेवढ्याने काम होते. सलग तीन आर्थिक वर्षांची विवरणपत्रे राहिली तर कलम १६४ प्रमाणे आपण पाच वर्षे कोणत्याही कंपनीत संचालक म्हणून नेमले जाण्यास अपात्र ठरता. २०१७ मध्ये याच कारणाने तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरले होते आणि त्यांत आपल्यासारखे केवळ नावापुरते घेतलेले नातेवाईक थोडे नसावेत. गावच्या आंबा कंपनीत उद्या कोणी आपले नाव सुचवले तरी तेव्हा उपयोग नाही.

राजीनामा लेखी द्यावा, रजिस्टर पोस्टाने पाठवावा आणि पोच जपावी. कंपनीला तो मिळाल्याच्या किंवा आपण त्यात लिहिलेल्या तारखेपासून, जी नंतरची असेल तेव्हापासून, तो लागू होतो. भाऊ ‘स्वीकारला नाही’ म्हणाला तरी फरक पडत नाही. संचालक बदलल्याचे सरकारला कळवणारा डीआयआर-१२ हा फॉर्म कंपनीने भरायचा असतो, पण तिच्यावर विसंबून न राहता आपण स्वतः डीआयआर-११ भरून राजीनामा नोंदवावा.

शेवटी, निवासासाठी बँकेचे कर्ज घेतले असेल तर त्या कागदांत आपली वैयक्तिक हमी आहे का, हे बँकेत जाऊन विचारावे. हमी हा बँकेशी केलेला वेगळा करार आहे आणि संचालकपद सोडल्याने तो संपत नाही. त्यातून सुटका हवी असेल तर बँकेकडे स्वतंत्र अर्ज करून तिचे लेखी उत्तर घ्यावे लागेल.